गिऱ्हाईक तीस वर्षांचे कागद तपासते, आपण तीस मिनिटेही नाही



सारंगखेड्याच्या दत्तयात्रेत घोडा घ्यायला गेलेला माणूस काय काय पाहतो, हे तापीकाठच्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. तो तोंड उघडून दात पाहतो, अंगावरचे भोवरे पाहतो, चालवून, पळवून पाहतो. दुसऱ्याला दाखवतो, तिसऱ्याला विचारतो आणि मगच पैशाला हात घालतो. ज्वारीचे घरचे बी पेरायचे तर आपण शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून किती उगवले ते मोजतो. कापूस काट्यावर चढला की व्यापाऱ्याच्या हातावरची नजर हलू देत नाही.

आणि हाच माणूस बापजाद्यांची जमीन विकतो तेव्हा काय पाहतो? गिऱ्हाईकाची गाडी पाहतो. दलाल ओळखीचा आहे ना, एवढे पाहतो. चहा संपायच्या आत विसार पावतीवर सही होते. ज्या प्रकाशात, तापी-गोमाईच्या संगमावर, ताम्रपाषाण काळापासून माणूस राहत आला असे १९५५ च्या उत्खननाने दाखवले, त्या प्रकाशाच्या शिवारातली जमीन एका चहात जाते.

जमीन घेणारा असे करत नाही. शहरातला पैसेवाला शेतजमिनीत रक्कम गुंतवतो तेव्हा आधी वकील लावतो. वकील दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात बसून तीस वर्षांच्या नोंदी चाळतो. सातबाऱ्यावरचा प्रत्येक फेरफार काढतो. ‘इतर हक्क’ या रकान्यात बँकेचा, सोसायटीचा, कुळाचा, बहिणीचा काय बोजा आहे ते लिहून घेतो. वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देतो. मोजणी मागतो. रस्ता कुठून आहे, विहिरीला पाणी किती, जवळून कोणता प्रकल्प जाणार, याची विचारपूस करतो. या साऱ्याची खातरजमा झाल्याशिवाय तो मोठी रक्कम सोडत नाही.

यात त्याचे काही चुकत नाही. ज्याचा पैसा जाणार त्याने शहानिशा करावी, हे बरोबरच आहे. आमचा प्रश्न त्याला नाही, आपल्याला आहे. घेणाऱ्याचा फक्त पैसा जातो आणि तो पुन्हा मिळवता येतो. विकणाऱ्याची जमीन जाते, ती परत येत नाही. मग ज्याचे जास्त जाणार, त्याची चौकशी कमी का?

‘विकू नका’ म्हणणाऱ्यांना

काही मंडळी लगेच म्हणतील, जमीन ही आई आहे, आई विकायची नसते. आमच्या स्वतःच्या बैठकांतही हे भाषण होते आणि टाळ्या मिळवते. आम्ही त्या टाळ्यांत सामील होणार नाही.

कोरडवाहू कापूस आणि ज्वारीच्या शेतीत उत्पादन खर्च भरून निघत नाही, हे आपण वर्षानुवर्षे हिशेब मांडून सांगत आलो. ज्या धंद्यात तोटा आहे त्यातून बाहेर पडायचा हक्क दुकानदाराला आहे, कारखानदाराला आहे, तो शेतकऱ्याला का नसावा? मुलीचे शिक्षण, आजारपण, सावकाराचे देणे यासाठी कोणी दोन एकर विकत असेल तर त्याला आईची शपथ घालणारा त्याचे देणे फेडायला येत नाही. जमीन विकणे पाप नाही. न तपासता विकणे हा घात आहे, आणि तो बहुतेक वेळा कायद्याच्या चौकटीत राहूनच होतो. म्हणून कायदा आणि कागद आपल्याला गिऱ्हाईकाच्या वकिलाइतकेच कळले पाहिजेत.

एकाच खोऱ्यातले तीन धडे

पहिला धडा आपल्याच तालुक्याचा. १९७० च्या आसपास शहादा परिसरातल्या भिल्ल कुटुंबांच्या जमिनी कर्जापोटी दुसऱ्यांच्या हाती गेल्या होत्या. कोणी गहाण समजून अंगठा दिला आणि कागदावर विक्री निघाली. मालक होता तो त्याच शेतात सालदार झाला. अंबरसिंग महाराजांनी आणि १९७२ मध्ये उभ्या राहिलेल्या श्रमिक संघटनेने हा प्रश्न रस्त्यावर आणला. पुढे कायदा झाला: १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात आदिवासीकडून बिगर आदिवासीकडे गेलेल्या जमिनी परत देण्याचा १९७४ चा अधिनियम. सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये तो वैध ठरवला. महसूल संहितेच्या कलम ३६-अ प्रमाणे आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला विकायची तर आधी जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी आणि तिला राज्य शासनाची पूर्वमान्यता लागते. शहादा तालुक्याचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात आहे, तिथे ग्रामसभेचाही अधिकार येतो. एवढे सगळे कशामुळे झाले? अंगठा लावताना कागदावर काय लिहिले आहे हे वाचणारा, अंगठा देणाऱ्याच्या बाजूचा एकही माणूस तिथे नव्हता म्हणून.

दुसरा धडा नदीच्या खालच्या अंगाला. आपली तापी पुढे सुरतेला जाते. तिथल्या मोटा वराछा गावातल्या शेतकरी कुटुंबाने २ जुलै २००९ रोजी नोंदणीकृत खरेदीखताने जमीन विकली. किंमत १ कोटी ७४ लाख २ हजार रुपये. ती ३६ धनादेशांनी मिळाली, असे खरेदीखतात लिहिलेले. डिसेंबर २०१४ मध्ये कुटुंब कोर्टात गेले. त्यांचे म्हणणे असे की आम्हाला वाचता येत नाही, हातात फक्त ४० हजार आले, बाकीचे धनादेश खोटे होते. खरे काय घडले हे आपण ठरवायचे कारण नाही. सर्वोच्च न्यायालयाने ९ जुलै २०२० रोजी काय सांगितले ते मात्र कोरून ठेवा. दावा मुदतीत नाही. आणि सगळी किंमत मिळाली नाही हे खरे धरले तरी तेवढ्यावरून नोंदणीकृत खरेदीखत रद्द होत नाही, वसुलीचे मार्ग वेगळे आहेत.

याचा अर्थ समजून घ्या. खरेदीखतावर ‘संपूर्ण रक्कम मिळाली’ असे लिहून सही झाली की जमीन गेली. पैसा आला की नाही, ही पुढची वेगळी लढाई. ती लढायची तर वर्षे मोजत, वकिलाचे पैसे भरत.

तिसरा धडा तापीच्या पलीकडे, धुळे जिल्ह्यातल्या शिंदखेडा तालुक्यातला. विखरणचे वयोवृद्ध शेतकरी धर्मा पाटील यांनी २२ जानेवारी २०१८ रोजी मंत्रालयात विष घेतले, २८ जानेवारीला ते गेले. वीज प्रकल्पासाठी त्यांची पाच एकर जमीन घेतली होती. मोबदला सुमारे चार लाख. त्याच भागात इतरांना कितीतरी पट मिळाले आणि आपली आंब्याची झाडे हिशेबात नीट धरलीच नाहीत, हे त्यांचे गाऱ्हाणे होते. मृत्यूनंतर सरकारने फेरमूल्यांकन केले आणि आकडा कित्येक पटींनी वाढला. म्हणजे वाढवता येत होता. ही विक्री नव्हती, संपादन होते. दोष त्या वृद्ध माणसाचा मुळीच नव्हता, ते कागद घेऊन दारे झिजवत होते. पण आपल्यासाठी धडा उरतोच: मोजणीच्या दिवशी जे झाड, जी विहीर कागदावर नाही, त्याची किंमत धरली जात नाही. आता ई-पीक पाहणीत पीक, झाडे, विहीर यांची नोंद आपण आपल्या मोबाइलवरून करू शकतो. ज्याला मोबाइल चालवता येत नाही त्याच्या घरात नातू असतोच.

आपली शहानिशा: सात प्रश्न

गिऱ्हाईक येण्याआधी, किंवा आलेच असेल तर सही करण्याआधी, या सात प्रश्नांची उत्तरे हातात हवीत.

१. माझा कागद स्वच्छ आहे का? सातबारा, आठ-अ आणि जुने फेरफार काढा. आजोबांचे नाव अजून तसेच आहे का? सोसायटीचे फेडलेले कर्ज बोजा म्हणून चिकटून आहे का? गिऱ्हाईकाच्या वकिलाला खोट सापडली की तो लगेच भाव पाडतो. तीच खोट आपण सहा महिने आधी काढली तर भाव पडत नाही. आणि हेही ध्यानात ठेवा की सातबारा हा महसुली नोंदीचा कागद आहे, मालकीचा शेवटचा पुरावा नव्हे.

२. जमीन कोणत्या प्रकारची? भोगवटादार वर्ग १ की वर्ग २? नव्या शर्तीची, सिलिंगमध्ये मिळालेली, आदिवासी खातेदाराची जमीन परवानगीशिवाय विकता येत नाही. ‘परवानगी आम्ही आणू, तुम्ही फक्त सही करा’ म्हणणारा परवानगी आली नाही तर अडकतो, पण शर्तभंगाची नोटीस पहिल्यांदा येते ती आपल्या नावाने.

३. वारस कोण? हिंदू कुटुंबात मुलीला वडिलार्जित मालमत्तेत मुलासारखा जन्मसिद्ध हक्क आहे. महाराष्ट्रात १९९४ पासून, देशभर २००५ पासून, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये तो पक्का केला. आपल्याकडे काय होते? भाऊबीजेला न आठवलेली बहीण हक्कसोडपत्राच्या दिवशी आठवते. तिला गाडी पाठवतात, साडी नेसवतात, सही घेतात. हे थांबले पाहिजे. बहीण सौद्यातली वाटेकरी आहे, तिला पहिल्या बोलणीपासून बसवा. जिथे घरातल्या बायकांना सौदा आधी माहीत असतो, तिथे घाईची सही होत नाही, असा आमचा गावोगावचा अनुभव आहे.

४. घेणारा कोण? समोर बसलेला माणूस, पावतीवरचे नाव आणि खरेदीखतावर येणारे नाव एकच आहे का? कूळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे शेतजमीन घेणारा शेतकरी असावा लागतो, नसेल तर परवानगी लागते. तशी नसताना केलेला व्यवहार अवैध ठरतो आणि जमीन सरकारजमा होण्यापर्यंत गोष्ट जाऊ शकते. तो आपला सातबारा मागतो ना? आपणही त्याचा मागा. लाजायचे कारण नाही.

५. मी सही कशावर करतो आहे? विसार पावती, साठेखत, कुलमुखत्यारपत्र आणि खरेदीखत हे चार वेगळे कागद आहेत. साठेखताने मालकी जात नाही, पण हात बांधले जातात. भाव दुप्पट झाला तरी गिऱ्हाईक कोर्टातून ठरल्या भावाने खरेदी मागू शकते. म्हणून साठेखतात मुदत लिहा आणि मुदतीत पैसे न आल्यास काय, तेही लिहा. सर्वांत घातक कुलमुखत्यारपत्र. मुखत्यारपत्र म्हणजे विक्री नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केले आहे. पण ते हातात असलेला माणूस आपल्या नावाने खरेदीखत करून देऊ शकतो. ‘साहेब, तुम्हाला तहसीलला हेलपाटे नकोत म्हणून’ असे गोड बोलून जे पुढे सरकवतात, तो हाच कागद.

६. पैसा कसा येणार? समजा एकरी आठ लाख ठरले. कागदावर तीन, पाच रोख. रोख पाचांपैकी दोन आज, तीन ‘खरेदीनंतर’. हे तीन आले नाहीत तर कोणत्या कोर्टात जाणार? कागदावर ते नाहीतच. शिवाय २०१५ पासून स्थावर मालमत्तेच्या सौद्यात २० हजार किंवा त्याहून अधिक रक्कम रोख घ्यायला आयकर कायद्याने मनाई आहे. दोघांचेही उत्पन्न केवळ शेतीचे आणि करपात्र नसेल तरच सूट. शहरातले गिऱ्हाईक त्यात बसत नाही. आणि दंड होतो तो रोख घेणाऱ्याला, म्हणजे आपल्याला, घेतली तेवढ्याच रकमेचा. काळा पैसा त्याचा, दंड आपला! म्हणून पूर्ण किंमत कागदावर घ्या. रक्कम खात्यात जमा झाल्याचे बँकेतून पाहून या, मगच दुय्यम निबंधकासमोर उभे राहा.

७. जमिनीची खरी किंमत काय? सरकारचा वार्षिक मूल्यदर तक्ता मुद्रांक शुल्कासाठी असतो, तो बाजारभाव नव्हे. शेजारच्या गटाची विक्री कितीला झाली हे सूची क्रमांक २ मध्ये नोंदलेले असते आणि कोणालाही पाहता येते. अर्थात त्यातही कागदावरचाच आकडा असतो, तो निदान खालची मर्यादा धरा. मग पाण्याचा विचार करा. प्रकाशाला आणि सारंगखेड्याला तापीवर बॅरेज बांधून झाले, पाणी डोळ्यांसमोर अडले, पण आजूबाजूच्या कितीतरी शेतांना त्याचा थेंब पोचला नाही. आपण अशी जमीन जिरायतीच्या भावाने विकतो. घेणारा उद्या पाणी येईल हा हिशेब मनात ठेवून घेतो. रस्त्याचेही तसेच. दोन एकर रस्त्यालगतचे विकले आणि मागच्या तीन एकरांना बैलगाडी जायला वाट ठेवली नाही, तर पाचही एकर गेले म्हणा. खरेदीखतात चतुःसीमा आणि वहिवाटीची वाट लिहून घ्या. मोजणी विक्रीआधी करा.

शेवटचा गुंठा

आणखी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी, कारण ती कोणताही दलाल सांगणार नाही. शेतजमीन घ्यायला शेतकरी असावे लागते. मग ज्याने आपली सगळी जमीन विकली, तो कोण राहिला? उद्या त्याच्या हाती चार पैसे आले, दूर कुठे स्वस्त जमीन मिळाली आणि ती घ्यावीशी वाटली, तर ज्या कलम ६३ ने शहरवाल्याला अडवायचे तेच कलम त्याच्या आडवे येते. पिढ्यान् पिढ्या नांगर धरणारा कागदावर बिगरशेतकरी ठरतो. म्हणून विकायचेच असेल तर सगळे विकू नका. जमीन राहील ती स्वतःच्या, बायकोच्या, मुलामुलींच्या नावावर नीट नोंदवून ठेवा.

आलेल्या पैशाचीही तीच गत. जमिनीवर पैसा लावणारा माणूस सगळी पुंजी एका सौद्यात घालत नाही. आपण मात्र जमिनीचा पैसा आला की घर बांधतो, मोटारसायकल घेतो, लग्न उरकतो आणि तिसऱ्या वर्षी रोजगार हमीच्या कामावर उभे राहतो. हा पैसा पीक विकून आलेला नाही, शेतच विकून आलेला आहे. दरवर्षी पिकेल असे काही त्यातून उभे राहिले पाहिजे.

एकट्याने जायचे नाही

सात प्रश्न वाचून कोणी म्हणेल, हे सगळे मला एकट्याला कसे जमणार? नाहीच जमणार. गिऱ्हाईकही एकटे नसते. त्याच्यामागे वकील असतो, हिशेबनीस असतो, मोजणीवाला असतो, गावातला दलाल असतो. आपण मात्र सौदा लपवतो. भाऊबंदांना कळू नये, गावात बोभाटा होऊ नये म्हणून रात्री बोलणी करतो. ही गुप्तता गिऱ्हाईकाच्या सोयीची आहे. शेजारच्याने एकरी किती घेतले हे आपल्याला कळत नाही आणि आपण किती घेतले हे शेजाऱ्याला कळत नाही. तो मात्र दोघांनाही ओळखून असतो.

म्हणून जिल्हा बैठकीपुढे आम्ही चार प्रस्ताव ठेवत आहोत.

एक, प्रत्येक गावात दोन जणांनी, त्यांत एक बाई असावी, सातबारा, फेरफार आणि सूची क्रमांक २ वाचायला शिकावे. शिकवायची जबाबदारी आमची. दहावी पास पोरीला हे चार दिवसांत येते.

दोन, महिन्यातून एकदा गावात चावडी वाचन व्हावे. गावात कोणते नवे फेरफार आले ते मोठ्याने वाचावे. फेरफाराच्या नोटिशीवर हरकत घ्यायला पंधरा दिवस असतात. ती तलाठी कार्यालयाच्या भिंतीवर लागून तशीच पिवळी पडते.

तीन, विसार घेतला तरी पुढच्या कोणत्याही कागदावर पंधरा दिवस सही करायची नाही, असा गावाचा रिवाज करावा. ज्याला खरेच जमीन हवी आहे तो पंधरा दिवस थांबतो. जो थांबत नाही, तो का थांबत नाही हेच आधी तपासावे.

चार, तालुक्याला वर्गणीतून आपला एक वकील नेमावा. गिऱ्हाईकाने आणलेला वकील कितीही हसून बोलला तरी तो आपला नसतो, कारण त्याची फी आपण देत नाही.

शहाद्याच्या आदिवासींना गेलेली जमीन परत मागण्यासाठी कायदा व्हावा लागला, विखरणला एका वृद्धाला जीव द्यावा लागला. सही करण्याआधी कागद वाचायला मात्र ना मोर्चा लागतो, ना मंत्री. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकाने आपला सातबारा आणि आठ-अ सोबत आणावा. भाषणे कमी करू, कागद वाचू.